नकोसा किल्ला, हवीशी बाग

हार्बर मार्गावरच्या शिवडी स्थानकाच्या पूर्वेला, बंदराच्या गोदामांमागे, एका उंच कातळावर सतराव्या शतकातला किल्ला उभा आहे. रुळांच्या पश्चिमेला एक विस्तीर्ण ख्रिस्ती कबरस्तान आहे. त्या कबरस्तानाच्या जागी १८३५च्या सुमारास मुंबईची पहिली मोठी वनस्पती-बाग लावली गेली होती. खाडीकाठी किल्ला आणि जवळच बाग, असा देखणा जोड युरोपातल्या एखाद्या नदीकाठच्या गावाला साजावा. शिवडीला तो काही वर्षे लाभला, पण दोघांची नशिबे वेगळी निघाली. ज्या किल्ल्याचे काम दोनशे वर्षांपूर्वीच संपले तो आजही उभा आहे. ज्या बागेची शहराला गरज होती तिला मात्र आपली जागा सोडावी लागली. असे का झाले, हे कळायला आंदणात गेलेल्या मुंबईपासून सुरुवात करावी लागते.

आंदणाचे बेट, दोन आरमारे

१६६१मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा करार झाला. त्या करारानुसार मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली. प्रत्यक्ष ताबा १६६५मध्ये हंफ्री कुकने घेतला. राजाला हे दूरचे बेट सांभाळणे परवडेना, म्हणून १६६८मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले.

कंपनीच्या हाती आलेली मुंबई म्हणजे भरतीच्या पाण्याने एकमेकांपासून तुटणारी बेटे होती. त्यातल्या परळ बेटाच्या पूर्व टोकाला शिवडी हे छोटे गाव होते. समोर खाडी, खाडीपलीकडे तुर्भे आणि उत्तरेला साष्टी. हा सारा मुलूख अजून पोर्तुगीजांकडेच होता. बेट दिले तरी आजूबाजूचे नाके त्यांनी सोडले नव्हते. ठाणे आणि करंजा इथून जाणाऱ्या मुंबईच्या होड्यांकडून ते जकात वसूल करत.

खरी धास्ती मात्र पोर्तुगीजांची नव्हती. दक्षिणेकडे जंजिऱ्याचा सिद्दी होता. १६७०च्या सुमारास त्याने मुघलांची चाकरी पत्करली आणि त्याचे आरमार बादशाही आरमार झाले. त्याचे वैर होते शिवाजी महाराजांशी. महाराजांनी कोकणात स्वतःचे आरमार उभे केले होते आणि जंजिऱ्यावर त्यांचा रोख होता. या दोन आरमारांच्या मधोमध मुंबईचे बंदर पडत होते.

पावसाळा आला की सिद्दीला गलबते लावायला सुरक्षित जागा लागे. माझगावच्या बाजूचे शांत पाणी त्याला सोयीचे होते. त्याला नकार द्यावा तर सुरतेतला मुघल सुभेदार कंपनीचा व्यापार अडवणार. होकार द्यावा तर महाराज चिडणार आणि मुंबईचे धान्य तुटणार, कारण बेटावर पिकणारा भात बेटाला पुरत नव्हता. पेण-नागोठण्याच्या बाजूने येणाऱ्या धान्यावर मुंबईची चूल पेटत होती. सिद्दीची माणसे मुंबईच्या बंदरात राहून त्याच पट्ट्यातल्या मराठी गावांवर धाडी घालत. कंपनीचे अधिकारी दोन्ही दरबारांत खुलासे देत बसत.

गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याला ही अडचण पुरती कळली होती. त्याच्या कारकिर्दीत बेटावरच्या जमीनदारांकडून माणसे घेऊन एक शिबंदी उभी केली गेली. तिच्यात भंडारी मोठ्या संख्येने होते. तिचे सुभेदार माहीम, शिवडी आणि शीव इथल्या नाक्यांवर बसवले गेले. मुंबई पोलिसांचा इतिहास लिहिणारे या शिबंदीपासूनच सुरुवात करतात. म्हणजे किल्ला बांधला जाण्याआधीच शिवडी हे पहाऱ्याचे ठिकाण ठरलेले होते.

कातळावरचे ठाणे

१६७९च्या पावसाळ्यात महाराजांच्या माणसांनी मुंबईच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर तटबंदी घालायला घेतली. त्यांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी तिथे ठाण मांडून बसला. इंग्रजांनी आपली गलबते धाडून पाहिली, चकमकी झाल्या, पण मराठ्यांनी खांदेरी सोडली नाही. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. आता बंदराच्या तोंडाशी दोन वैरी समोरासमोर बसले आणि त्यांच्या मागे मुंबईचा उघडा पूर्व किनारा पसरला होता.

याच १६८०मध्ये शिवडीचा किल्ला आणि माझगावचा किल्ला उभे राहिले. वरळी, माहीम, शीव इथली ठाणी आणि मुख्य कोटाशी मिळून ती पहाऱ्याची एक साखळी झाली. शिवडीच्या वाट्याला पूर्वेची खाडी आली. ओहोटीला इथे दूरवर चिखल उघडा पडतो आणि भरतीला सपाट तळाच्या होड्या थेट कातळापर्यंत येऊ शकतात. अशा ठिकाणी मोठे जहाज लागत नाही, पण होड्यांतून माणसे उतरवायला जागा चांगली.

किल्ला लहान आहे आणि त्यात नक्षीकामाचा हव्यास नाही. उंच दगडी भिंती, आत आणखी एक भिंत, आणि दरवाज्याची मांडणी अशी की बाहेरच्या कमानीतून शिरलेल्या माणसाला काटकोनात वळल्याशिवाय आत जाता येत नाही. धावत येणारी तुकडी त्या वळणावर अडखळावी, हा हेतू. आत पाचकोनी खोली आहे आणि घुमटाकार छताची लांब दालने आहेत. बाजू कातळाच्या असल्याने समुद्राकडून चढणे अवघड. या ठाण्यात एका सुभेदाराच्या हाताखाली सुमारे ५० शिपाई आणि आठ ते दहा तोफा असत, असे वर्णन आढळते. एवढ्या बळावर वेढा झेलता येत नाही. शिवडीचे काम पाहण्याचे आणि इशारा देण्याचे होते. मोठी फौज आली तर मुख्य कोटातून कुमक येईल, या भरवशावर ते बांधले होते. तो भरवसा ९ वर्षांतच पारखला गेला.

१६८९ : एक तोफ आणि रिकामा किल्ला

लंडनमध्ये कंपनीचा कारभार जोसाया चाइल्डच्या हाती होता. जकातीचे वाद, सुभेदारांची मागणी आणि परवान्याशिवाय व्यापार करणारे इंग्रज व्यापारी यांना कंटाळून त्याने मुघलांशी तलवारीने बोलायचे ठरवले. १६८६मध्ये बंगालमध्ये लढाई सुरू झाली. पश्चिमेकडे कंपनीचा तिथला प्रमुख सर जॉन चाइल्ड याने १६८७मध्ये सुरतेहून आपले मुख्य ठाणे मुंबईला हलवले आणि मुघलांच्या हद्दीतली जहाजे पकडायला सुरुवात केली. पकडलेल्या जहाजांत सिद्दीच्या फौजेला धान्य नेणारा ताफाही होता.

पुढे काय झाले याची सर्वांत जिवंत हकीकत अलेक्झांडर हॅमिल्टन या स्कॉटिश नाविकाने लिहिली. तो त्या वेळी मुंबईत होता आणि त्याचा प्रवासग्रंथ १७२७मध्ये छापला गेला. जॉन चाइल्डवर त्याचा उघड राग आहे, त्यामुळे त्याचे शब्द थोडे चाळून घ्यावे लागतात. तो सांगतो, की सिद्दीने आधी धान्य परत मागितले आणि न दिल्यास चालून येण्याची ताकीद दिली. चाइल्डने त्यावर अर्वाच्य उत्तर धाडले. ताकीद खरी निघाली. सिद्दी कासम, ज्याला बादशहाकडून याकूत खान हा किताब होता, तो मध्यरात्री शिवडीला उतरला. हॅमिल्टन फौजेचा आकडा वीस हजार देतो. तो फुगवलेला असावा, पण शिवडीच्या पन्नासेक शिपायांना दोन हजारही पुष्कळ झाले असते.

ठाण्यातल्या माणसांनी इशाऱ्याची एक तोफ डागली आणि ठाणे सोडले. रात्री एकच्या सुमारास मुख्य कोटातून तीन तोफा झाल्या. तटाबाहेर राहणाऱ्या बायका अंगावरच्या कपड्यांनिशी, पोरे कडेवर घेऊन कोटाकडे धावल्या. गोऱ्या आणि काळ्या, दोन्ही घरांतल्या. कोटाचे दरवाजे मात्र उजाडेपर्यंत उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सिद्दी माझगावला पोहोचला. तिथला किल्लाही इंग्रजांनी रिकामा केला होता आणि घाईत खजिन्याच्या पेट्या, नवी हत्यारे, दारूगोळा मागेच राहिला होता. सिद्दीने तिथे आपले निशाण लावले आणि माझगावलाच मुक्काम ठोकला. मग माहीम पडले. डोंगरीच्या टेकडीवरून त्याच्या तोफा कोटावर मारा करू लागल्या. कंपनीच्या ताब्यात उरली फक्त कोटाच्या आतली आणि भोवतालची थोडी जमीन.

वेढा वर्षाहून अधिक चालला. कंपनीने मराठी मुलखातली माणसे पगारावर घेतली आणि त्यांच्या जोरावर कोट टिकला. जिंकणे मात्र शक्य नव्हते. शेवटी कंपनीचे वकील औरंगजेबाच्या छावणीत माफी मागायला गेले. १६९०च्या फर्मानाने माफी मिळाली, पण दीड लाख रुपये दंड भरण्याच्या, लुटलेला माल परत करण्याच्या आणि चाइल्डला काढून टाकण्याच्या अटींवर. चाइल्डने ती शेवटची अट आपल्या मृत्यूने पुरी केली. तो त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत वारला. जूनमध्ये सिद्दी निघून गेला आणि जाताना माझगावचा किल्ला जाळून गेला.

मागे राहिली ती रोगराई. हॅमिल्टनच्या म्हणण्यानुसार युद्धापूर्वी मुंबईत सात-आठशे इंग्रज होते, त्यातले साठच्या आसपासच उरले. पारशी परंपरा सांगते, की अशा दुबळ्या अवस्थेत सिद्दीची माणसे पुन्हा चालून आली तेव्हा रुस्तमजी दोराबजींनी कोळ्यांना गोळा करून त्यांना हुसकावले आणि म्हणून त्यांच्या घराण्याला पटेलकी मिळाली.

१६८९च्या या हकीकतीत शिवडीचा किल्ला क्षणभरच दिसतो. त्याने आपले काम केले, तोफ डागली. चूक ठाण्याची नव्हती. ज्यांनी मोठ्या सत्तेला डिवचले आणि मागे पुरेशी फौज ठेवली नाही, त्यांची होती. या पराभवातून कंपनी एक धडा शिकली. पुढची पन्नासहून अधिक वर्षे तिने मुघल बादशहाशी उघड युद्धाचा विचार केला नाही.

एक परिणाम शिवडीच्या शेजारीच घडला. परळ बेटावर जेझुइट पाद्र्यांची मोठी मालमत्ता होती. वेढ्यात त्यांनी सिद्दीला मदत केली, असा आरोप ठेवून कंपनीने ती जप्त केली. परळचा त्यांचा मठ पुढे गव्हर्नरांचा बंगला झाला. १८९९मध्ये त्याच इमारतीत वाल्डेमार हाफकिनची प्लेगची प्रयोगशाळा आली. आजची हाफकिन संस्था म्हणजे शिवडीच्या त्या रात्रीचा लांबचा परिणाम आहे.

शत्रू संपले

अठराव्या शतकात पूर्वेच्या खाडीपलीकडचा शेजारी बदलला. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्याआधीच साष्टी मराठ्यांकडे आली होती. आता शिवडीच्या टेकडीवरून उत्तरेला दिसणाऱ्या मुलखावर भगवा फडकत होता. कंपनीने लढाईऐवजी तह केला, पण भीती लपली नाही. १७३७मध्ये धारावीच्या बाजूला रिवा किल्ला, म्हणजे आपला काळा किल्ला, बांधला गेला होता. कोटाभोवती खंदक खणायला मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी दिली. तो खंदक ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला.

१७७४च्या अखेरीस कंपनीने ठाणे घेतले आणि १७८२च्या सालबाईच्या तहात साष्टी तिच्याकडे कायम झाली. १८०३पर्यंत शीवहून साष्टीकडे जाणारा बांध-रस्ता तयार झाला. १८१८मध्ये पेशवाई संपली. शिवडीच्या समोरचा किनारा आता कंपनीचाच होता. पहाऱ्याला समोर शत्रूच उरला नाही. किल्ल्यात काही काळ कैदी ठेवले गेले आणि पुढे तो बंदराचे गोदाम झाला.

बागेची तीस वर्षे

शिवडीच्या नशिबी याच सुमारास नवे पाहुणे आले. हातात बी-बियाणे आणि रोपे घेऊन आलेले. १८३०मध्ये मुंबईत ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्थापन झाली. कलकत्त्यात विल्यम केरीने १८२०मध्ये अशी संस्था काढली होती. अशा संस्थांना फुलांची हौस होती आणि नफ्याची नजरही. परदेशी ऊस, कापूस, भाज्या, फळझाडे इथल्या मातीत रुजतात का ते पाहायचे, चांगली रोपे वाटायची, प्रदर्शने भरवायची. कंपनीचा व्यापार शेतमालावर उभा होता, त्यामुळे सरकारलाही यात रस होता. १८३५मध्ये सरकारने शिवडीला मोठी जमीन दिली आणि तिथे संस्थेची बाग सुरू झाली.

या कामातले सर्वांत लक्षात राहणारे नाव जॉन ग्रॅहमचे. तो पेशाने मुंबईच्या टपाल खात्यातला अधिकारी. संस्थेच्या बागेची देखरेख त्याच्याकडे होती. मुंबई आणि परिसरात आपोआप उगवणाऱ्या, लावलेल्या आणि बाहेरून आणलेल्या वनस्पतींची त्याने एक यादी तयार केली. तिची पाने छापखान्यात चालू असतानाच १८३९मध्ये तो खंडाळ्याला वारला. तेव्हा त्याचे वय ३४च्या आसपास होते. जोसेफ निम्मोने उरलेला भाग पुरा केला आणि ग्रंथ त्याच वर्षी निघाला. सह्याद्रीच्या वनस्पतींवर पुढे काम करणाऱ्यांना हा ग्रंथ वगळून चालले नाही. शिवडीच्या बागेचे वाफे गेले, पण तिथल्या माणसांनी जमवलेले ज्ञान छापील रूपात राहिले.

बागेसाठी शिवडी सोयीची होती. गजबजलेल्या कोटापासून दूर, परळच्या गव्हर्नर बंगल्याच्या जवळ. गाडीतून हवा खायला निघालेल्या साहेबांना आणि श्रीमंत देशी कुटुंबांना तिथवर येता येत होते. तरीही ती शहराच्या मानाने लांबच होती. शहर उत्तरेकडे सरकत आले आणि हे अंतरच बागेच्या मुळावर उठले.

जिवंतांना भायखळा, मेलेल्यांना शिवडी

१८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतल्या राज्यांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा आला, माणसे आली. १८६४च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअरने कोटाच्या भिंती पाडायला काढल्या, कारण त्या जागेवर रस्ते आणि इमारती हव्या होत्या.

याच धामधुमीत बागेचे स्थलांतर झाले. डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड या मंडळींना शहराच्या लोकांना सहज जाता येईल असे उद्यान आणि संग्रहालय हवे होते. भायखळ्याला जागा ठरली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्स खुले झाले. तीच आपली राणीबाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. त्याच आवारातले संग्रहालय, आजचे डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय, २ मे १८७२ला लोकांसाठी उघडले. पुढे संस्था कर्जात आली आणि १८७३मध्ये बाग नगरपालिकेकडे गेली.

शिवडीची जमीन आता मोकळी होती. वाढत्या शहराला घरांइतकीच दफनभूमीचीही निकड होती. मरीन लाइन्सजवळच्या सोनापूरची युरोपियन दफनभूमी भरून गेली होती आणि दाट वस्तीशेजारी तिथे दफने चालू ठेवणे आरोग्याला घातक मानले जाऊ लागले होते. १८६५मध्ये मुंबई नगरपालिकेचा नवा कायदा आला आणि आर्थर क्रॉफर्ड पहिला आयुक्त झाला. हा धडाडीचा, खर्चिक आणि कामाचा माणूस. त्याने त्याच वर्षी शिवडीची ही जुनी बागेची जागा युरोपियनांच्या दफनासाठी घेतली. झाडांच्या सावलीत थडगी उभी राहू लागली.

कबरस्तान म्हणून या जागेला जी माणसे लाभली, त्यांच्या नावांत मुंबईचा नकाशा सापडतो. बोरीबंदरचे भव्य स्थानक, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उभारणारा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स १९००मध्ये मुंबईत वारला, तो इथे आहे. गेटवे ऑफ इंडियाचा वास्तुविशारद जॉर्ज विटेट १९२६मध्ये गेला, तोही इथेच. लोकमान्य टिळकांचे सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष आणि १९२५-२६मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झालेले माझगावचे जोसेफ ‘काका’ बाप्तिस्ता १९३०मध्ये इथे दफन झाले. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे अग्रणी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा १९५८मध्ये मुंबईत वारले आणि त्यांचे दफनही शिवडीलाच झाले. १९८६मध्ये त्यांचे अवशेष गोव्याला नेले गेले. युरोपियनांसाठी सुरू झालेल्या या भूमीने साम्राज्याचे शिल्पकार आणि साम्राज्यांविरुद्ध लढणारे, दोघांनाही जागा दिली.

समुद्र मागे सरला

किल्ल्याचे उरलेले महत्त्व बंदराने संपवले. १८७३मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. पूर्व किनाऱ्यावर गोद्या, रेल्वे आणि गोदामांसाठी जमीन हवी होती. १९०८ ते १९१२ या काळात माझगाव-शिवडी भरणीने समुद्रातून ५८३ एकर जमीन काढली. १९१०मध्ये हार्बर मार्ग सुरू झाला. पुढे कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीच्या बाजूला आला आणि कॉटन ग्रीन हे नावही इकडे आले. तेलाच्या टाक्या आल्या, कोळसा आला. लाटा ज्याच्या पायाशी आपटत होत्या त्या कातळापुढे आता लोखंड आणि मालाचे ढीग होते.

बाकीच्या किल्ल्यांचे काय झाले ते पाहिले म्हणजे शिवडीचे नशीब नीट कळते. मुख्य कोटाच्या भिंती पडल्या, कारण ती शहरातली सर्वांत मोलाची जमीन होती. डोंगरीच्या टेकडीवर १७६९मध्ये उभारलेल्या फोर्ट जॉर्जचा केवळ तुकडा उरला आहे. माझगावचा किल्ला १६९०मध्ये जळाला आणि त्या टेकडीवर नंतर भंडारवाड्याचा पाण्याचा जलाशय झाला. जलाशयावरच्या बागेला काका बाप्तिस्तांचेच नाव आहे. म्हणजे माझगावला किल्ल्याच्या जागी बाग आली आणि ज्यांचे नाव तिला दिले ते शिवडीला जुन्या बागेच्या जागी विसावले. शिवडीचा किल्ला मात्र कुणाला पाडावासा वाटला नाही, कारण कातळ फोडून मिळणाऱ्या जागेची कुणाला निकड नव्हती. समोरच्या चिखलाचेही तसेच. बंदराला तो निरुपयोगी होता म्हणून खारफुटीसह शिल्लक राहिला आणि १९९०च्या दशकापासून हिवाळ्यात तिथे हजारोंच्या संख्येने रोहित पक्षी उतरू लागले.

युरोपात मात्र किल्ला आणि बाग असा जोड टिकलेला दिसतो. फ्रान्समध्ये शेर नदीवर शनोन्सो नावाचा सोळाव्या शतकातला वाडा-किल्ला आहे. दुसऱ्या हेन्री राजाने तो आपल्या प्रेयसीला, दियान द पुआतिएला दिला. राजा मेल्यावर राणी कॅथरीन द मेदिचीने तो तिच्याकडून काढून घेतला. दोघींनी लावलेल्या बागा आजही वाड्याच्या दोन अंगांना आहेत. पहिल्या महायुद्धात त्याच्या नदीवरच्या लांब दालनात रुग्णालय होते आणि दोन हजारांहून अधिक जखमींवर तिथे उपचार झाले. म्हणजे त्याचाही उपयोग बदलत गेला, पण मालक बदलले तरी वाडा आणि बागा एकत्र, एकाच हाती राहिल्या. म्हणून युद्ध संपल्यावर रुग्णालय गेले आणि वाडा मागे राहिला. शिवडीत किल्ला लष्कराचा, मग तुरुंगाचा, मग बंदराचा. बाग एका संस्थेची, मग नगरपालिकेची. दोन्हींना एकत्र धरणारा कुणी कधी नव्हता. शनोन्सोच्या सौंदर्याचे रहस्य राजांच्या रसिकतेत शोधण्यापेक्षा तिथल्या एकत्र मालकीत शोधावे.

हिशेब

शिवडीच्या दोन्ही वास्तूंनी मुंबईला काय दिले? किल्ल्याने एक अपयश दिले आणि त्या अपयशातून कंपनीचे मुघलांशी वागणे ठरले, परळच्या जमिनीची मालकी बदलली. बागेने राणीबाग दिली. आज भायखळ्याला पोरांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाच्या पायाखाली शिवडीतून सुरू झालेल्या कामाचाच वारसा आहे. मूळ जागेने मग शहराच्या मृतांना आसरा दिला. कुठलीच गोष्ट वाया गेली नाही, पण शिवडीच्या वाट्याला श्रेयही आले नाही.

आज किल्ला राज्याचे संरक्षित स्मारक आहे आणि वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे. त्याच्या डागडुजीचेही काम झाले. तटावरून पाहिले की समोर चिखल, खारफुटी, तुर्भ्याच्या तेल कारखान्यांची धुराडी आणि १२ जानेवारी २०२४ला खुला झालेला अटल सेतू दिसतो. ज्या किनाऱ्यावर सिद्दीच्या होड्या लागल्या तिथूनच आता २१.८ किलोमीटरचा पूल निघतो. बंदराच्या जुन्या जमिनीचे पुढे काय करायचे, याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. म्हणजे शिवडीची जमीन पुन्हा हवीशी होऊ लागली आहे.

इथेच खरा धोका आहे. मुंबईत जुन्या गोष्टी दुर्लक्षामुळे टिकतात आणि मागणी आली की जातात, हे या किल्ल्याने आणि बागेने दोन बाजूंनी दाखवून दिले. म्हणून मागणी येण्याआधीच काही साध्या गोष्टी व्हायला हव्यात. किल्ल्यात १६८०, १६८९ आणि भंडारी शिबंदी यांची हकीकत मराठीत सांगणारा नीट फलक हवा. कबरस्तानात ग्रॅहमच्या बागेची नोंद करणारी एक पाटी हवी. किल्ला, कबरस्तान आणि रोहित पक्ष्यांचा किनारा जोडणारी एक पायवाट हवी. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. एवढेही झाले नाही आणि पुढची पिढी शिवडीला फक्त अटल सेतूचा आरंभ म्हणून ओळखू लागली, तर दोष तिचा नसेल.